उलटा पीळ

साहेब चार वाजता येणार होते आणि अप्पा सकाळी सहालाच दाढी करून बसले. नऊ दिवसांत त्यांनी गालाला पाणी लावलं नव्हतं. आता हनुवटीवर दोन ठिकाणी वर्तमानपत्राचे कपटे चिकटवून ते खुर्चीत ताठ बसले होते आणि दर पाच मिनिटांनी विचारत होते, "किती वाजले?"

"समोर घड्याळ आहे ना, अप्पा," ताई म्हणाली.

"ते विजेवर चालतं. त्याचं काय खरं."

पन्नास वर्षं गावभर वायरिंग करून संसार केलेल्या माणसाच्या तोंडून हे निघालं, तरी घरात कुणी मान वर करून पाहिलं नाही.

एरवी याच खुर्चीतून किती थापा सुटल्या होत्या. अप्पांचे वडील म्हणे जिवंत तारेला कोपर टेकवून सांगायचे, आज दोनशे दहाच व्होल्ट आहे, इस्त्री तापायची नाही, उद्या या. खुद्द अप्पांच्या छत्रीत एकदा आभाळातली वीज शिरली आणि तिने विचारलं, मिस्त्री, जमिनीकडे कसं जायचं? अप्पांनी वाट दाखवली. त्यात त्यांची एक चप्पल तेवढी जळाली. पुराव्याची जळकी चप्पल कित्येक वर्षं दारामागे होती. पाहुण्यांना दाखवताना ती कधी डाव्या पायाची निघे, कधी उजव्या. आणि थोरला जन्मला तेव्हा दवाखान्यातली वीज गेली होती, ती तो रडल्याबरोबर आली, हे तर अप्पा शपथेवर सांगत. आई म्हणे, वीज गेलीच नव्हती. अप्पा म्हणत, तुझे डोळे मिटलेले होते, तुला काय ठाऊक.

ही शेवटची गोष्ट आता या घरात कुणी काढत नव्हतं.

थोरला विजेच्या ऑफिसात लाइनमन होता. गल्लीच्या टोकाला जो खांब आहे, त्यावरून निघणारी तार फक्त याच घरात येते. आईच्या ऑक्सिजनच्या मशीनला वीज पुरी पडत नव्हती, मशीन सारखं ठणाणा करायचं, म्हणून ताईने ऑफिसात रीतसर तक्रार नोंदवली आणि काम थोरल्याच्याच वाट्याला आलं. त्याने वरचा जोड सोडला. तार मेली. बायकोला सांगून गेला होता, अर्धा तास लागेल, तोवर आईला सिलिंडर लाव. अर्ध्या तासाचा तास झाला. सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात उतरला, आईचे ओठ जांभळे व्हायला लागले, आणि वहिनीने मागच्या अंगणातला जनरेटर चालू केला. त्याची वीज घरात आली, घरातून मेलेल्या तारेत गेली, तारेतून खांबावर. तिथे थोरला उघड्या हातांनी तार धरून बसला होता. घरचीच तार, म्हणून त्याने टेस्टरसुद्धा लावला नव्हता.

गावातल्या दोनेकशे घरांत अप्पांनी चेंजओव्हर स्विच बसवले होते, म्हणजे जनरेटरची वीज चुकूनही बाहेर जाऊ नये. स्वतःच्या घरात मात्र नव्हता. इथे दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर होती, अप्पांच्या हातची, आणि एक पद्धत होती. अंगणात जनरेटरपाशी असलेल्याने विचारायचं, "मेन?" आईच्या खोलीत मेन स्विचपाशी असलेल्याने लोखंडी दांडा खाली ओढायचा आणि सांगायचं, "पाडलं." मगच जनरेटरची दोरी ओढायची. अडाणी लोकांना यंत्रं लागतात, आपल्याला शब्द पुरतो, असं अप्पा म्हणायचे. तीस वर्षं शब्द पुरला होता.

त्या दिवशी वहिनीने विचारलं होतं. अप्पांनी "पाडलं" म्हणून सांगितलंही होतं.

*

"त्यांनी ओढला होता दांडा," वहिनी म्हणाली. "मला खटका ऐकू आला."

स्वयंपाकघरात भरदुपारी अंधार होता. नऊ दिवसांत वहिनीने एकाही बटणाला हात लावला नव्हता. दिवा लावायचा असला तर ती कुणी येईपर्यंत थांबायची. मिक्सर झाकून ठेवला होता. शिवणाच्या मशीनची मोटार तिने पट्टा काढून सोडवली होती आणि शेजारणीचं पोलकं हाताने चाक फिरवत शिवून दिलं होतं. आता ती अंदाजाने कांदा चिरत होती.

ताईने दारातूनच बटण दाबलं. वहिनीचे खांदे दचकले.

"अंगणातून खटका ऐकू येत नाही, वहिनी."

"मला आला."

"बरं, आला. पण साहेबांसमोर हे बोलू नका. मी मीटर वाचते म्हणून माझी अक्कल मीटरएवढी नाही. ऑफिसच्या कागदावर काय लिहितात ते मी पाहिलंय. अपघात कामगाराच्या स्वतःच्या चुकीने झाला, की दुसऱ्या कुणाच्या. दुसऱ्याच्या चुकीने असेल तर दादाच्या जागी तुम्हाला घेतील. टेबलाची नोकरी, पेन्शन, पोरीचं शिक्षण. त्याची स्वतःची चूक निघाली तर एक सहानुभूतीचं पत्र."

"मग लिहा ना दुसऱ्याची. दोरी मी ओढली."

"तुम्हीच दोषी आणि तुम्हालाच नोकरी, असं कसं होईल?"

वहिनीची सुरी थांबली. मग तिने ती खाली ठेवली.

"म्हणजे अप्पा."

"अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला कोण काय करणार आहे? विसरले म्हणायचं. वय झालं म्हणायचं."

"तुमचे वडील आहेत ते."

"म्हणून तर मला बोलता येतंय. तुम्ही बोललात तर सून वाईट ठरेल."

वहिनीने कांद्याची सालं गोळा केली. या घरात लग्न होऊन आली तेव्हा तिला फ्यूज कशाला म्हणतात तेही माहीत नव्हतं. अप्पांनी तिला स्टुलावर उभं करून शिकवलं होतं. पडशील म्हणून खाली स्वतः स्टूल धरून उभे राहिले होते, आणि शेजाऱ्यांना सांगत सुटले होते की आमच्या सुनेने पहिल्याच दिवशी सबस्टेशन दुरुस्त केलं.

"मी त्यांच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही," ती म्हणाली. "ते पाडलं म्हणाले म्हणजे पाडलं."

"मग वीज बाहेर गेली कुठून? खिडकीतून?"

नऊ दिवस घरातला प्रत्येक जण याच प्रश्नापाशी येऊन थांबत होता आणि शेवटी नजर अप्पांच्या खुर्चीकडे जात होती. अप्पांना ती नजर कळत होती. त्यांनी विचारलं, "किती वाजले?"

*

धाकटा स्क्रूड्रायव्हर घेऊन आईच्या खोलीत गेला तेव्हा अडीच वाजले होते.

त्याचं बाजारात मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतली तार उपसून तो नवी गुंडाळून द्यायचा. अप्पांशी त्याचं फारसं जमत नसे. घरच्या धंद्यातून फुटला म्हणून अप्पांनी त्याला दोन वर्षं 'गुंडाळ्या' म्हणून हाक मारली होती, आणि त्यानेही आपल्या दुकानाच्या पाटीवर मुद्दाम अप्पांचं नाव घातलं नव्हतं. पण ताईचं बोलणं त्याने दाराआडून ऐकलं होतं. म्हाताऱ्याने दांडा ओढलाच असेल तर मेनमध्येच काहीतरी बिघडलेलं असणार, एखादं पातं चिकटलेलं, एखादी स्प्रिंग तुटलेली. तसं दिसलं तर अप्पा सुटतील, वहिनी सुटेल, मोडक्या लोखंडाला काय कोण शिक्षा करणार. एवढ्या आशेने तो स्टुलावर चढला.

मशीन कोपऱ्यात घरघरत होतं. आई उशांना टेकून बसली होती, नाकात नळी. ती त्याच्याकडे बघत होती.

"झोप तू. नुसतं बघतोय."

त्याने चार स्क्रू काढले, झाकण उतरवलं, आणि तो तसाच उभा राहिला.

पाती नीट होती. स्प्रिंग नीट होती. पण पात्यांना वळसा घालून, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, वीतभर जाड तांब्याची तार बसवलेली होती. ती असताना दांडा वर असो की खाली, काही फरक पडणार नव्हता. घर आणि खांब कायमचे जोडलेले होते. आणि हे कुणाला कळणारही नव्हतं, कारण मेनचा दांडा या घरात फक्त वीज गेलेली असतानाच ओढला जायचा. अंधारातच अंधार केला, तर कुणाच्या लक्षात येणार?

तारेच्या दोन्ही टोकांना पीळ दिलेला होता. उलटा.

अप्पांनी दोघा भावांना एकाच दिवशी जोड शिकवला होता. आधी विचारलं होतं, वीज म्हणजे काय रे? थोरला शाळेतलं काहीतरी बोलला. अप्पा म्हणाले, वीज म्हणजे घरी परत जायची घाई. एका तारेने येते ती दुसरीने परत जायला. वाटेत आपण तिला थांबवून म्हणतो, बाई, तेवढा दिवा लाव, तेवढं पाणी चढव, तेवढी इस्त्री तापव आणि मग जा. ती ऐकते. पण जोड कच्चा असला तर ती दुसरी वाट शोधते, आणि तिला माणसातून गेलेलं चालतं. मग त्यांनी पीळ दाखवला, घड्याळाच्या काट्यांसारखा. थोरला डावखुरा. त्याचा पीळ कायम उलटा पडायचा. अप्पांनी आठ दिवस त्याच्या बोटांवर पक्कड मारली, शेवटी नाद सोडला. गावात कुठल्याही घराची बटणांची फळी उघडली की जोड बघून कळायचं, इथे बापाने काम केलंय की थोरल्याने.

वर काळी टेप होती. टेपचं शेवटचं टोक आत दुमडलेलं, म्हणजे पुढच्या माणसाला नखाने धरून चटकन सोडवता यावं. ही सवय तर सबंध गावात त्या एकाचीच.

धाकट्याने आईकडे पाहिलं. तिने डोळे मिटले नाहीत.

"तुला माहीत होतं."

आईने मान हलवली.

"कधी?"

"महिना झाला," ती म्हणाली. मग श्वास घेतला. "पात्यात ठिणगी पडायची. मशीन बंद व्हायचं. मी... घाबरायचे. म्हणाला, आई, हे तात्पुरतं. रविवारी नवीन मेन आणतो. अप्पांना सांगू नको, ओरडतील."

"आणि रविवारी?"

"रविवारी ड्यूटी लागली. मग पुढच्या."

धाकटा स्टुलावरच बसला. लाइनमन माणूस, लोकांच्या घरात असला जोड दिसला तर त्यांची वीज तोडून येणारा. स्वतःच्या आईच्या श्वासाला ठिणगी लागत होती म्हणून त्याने वीतभर तार घातली, आणि ती तिथे आहे हे खांबावर चढताना विसरला. किंवा विसरला नाही. सिलिंडर आहे, बायको जनरेटर लावणार नाही, असं त्याने धरलं. नेहमीच्या कामात माणूस असंच काही ना काही धरून चालतो.

"आई, नऊ दिवस सगळे अप्पांकडे बघतायत."

"बघतायत," आई म्हणाली. "मलाही दिसतं."

ताई आत आली ती त्याला हाक मारायला. तिने वर पाहिलं, मेनकडे, आणि तिला समजावून सांगावं लागलं नाही. उलटा पीळ तीही लहानपणापासून ओळखत होती. तिने मागे वळून दार लोटून घेतलं.

"काढ ते," ती हळू म्हणाली.

"काढलं तर अप्पा..."

"राहिलं तर दादा. स्वतःच्या हाताने मेनला बायपास, टेस्टर नाही, हातमोजे नाहीत. कामगाराची चूक. पुढे कागद बंद. वहिनी शिवणाच्या मशीनचं चाक हाताने फिरवत म्हातारी होईल. आणि गाव काय म्हणेल? वीस वर्षं खांबावर काढली आणि स्वतःच्या जोडाने गेला. आत्तापर्यंत निदान लोक त्याचं नाव नीट घेतायत."

"आणि अप्पांचं?"

ताई आईच्या पायाशी बसली. दोघंही आईकडे बघत राहिली. अजून, या वयात, आईने काहीतरी ठरवावं आणि आपण ते करावं, अशी.

आईला वाटलं, हे दोघं किती थकलेत. ती त्या वीतभर तारेकडे बघत होती. महिनाभर ती तारेकडे बघतच श्वास घेत होती, एकही ठिणगी न पडता, आणि मनात म्हणत होती, माझ्या पोराने केलंय. परवा तिने वहिनीला खूण केली होती की हे मशीन बंद कर, पुरे झालं. वहिनी नुसती बघत राहिली. बंद करायलाही बटणाला हात लावावा लागतो.

एक मुलगा गेला होता, त्याला आता काही लागणार नव्हतं. एक सून होती, एक नात. आणि एक नवरा होता, थापाड्या, ज्याची एकही गोष्ट गेल्या पन्नास वर्षांत खरी निघाली नव्हती. आता तो एकदाच खरं बोलत होता.

"काढ," आई म्हणाली.

धाकट्याने गल्लीच्या टोकाला जाऊन खांबावरचा फ्यूज उतरवला. तेवढा वेळ मशीन थांबलं. ताईने सिलिंडर लावला, नवा भरून आणलेला. परत येऊन त्याने टेप सोडवली. ती खरंच चटकन सुटली. पीळ मात्र पकडीशिवाय उकलेना, तेव्हा त्याने तार कापली, टोकं काढली, स्क्रूवरचे डाग पॉलिश पेपरने घासले, पाती दाबून ठिणगीच्या जागा साफ केल्या. हात कामात तरबेज होते. सगळं पंधरा मिनिटांत झालं. तारेचे तुकडे त्याने पँटच्या खिशात घातले.

बाहेरून अप्पांनी विचारलं, "वीज का गेली रे?"

"आली, आली," ताई म्हणाली.

*

साहेब वयाने लहान होते आणि फार अवघडलेले होते. आल्या आल्या त्यांनी अप्पांच्या पायांना हात लावला नाही, नमस्कारही केला नाही, नुसते समोर उभे राहून म्हणाले, "मला खांबावर चढायला तुमच्या मुलाने शिकवलं." मग कागद काढला.

वहिनी अप्पांच्या खुर्चीमागे उभी राहिली. मुद्दाम, ताईला दिसेल अशी.

"मेन मी पाडलं होतं," अप्पा म्हणाले. विचारायच्या आधीच. "या हाताने. जनरेटर सुनेने लावला, पण माझ्या शब्दावर. तिचा काही दोष नाही. आता मेनमध्ये काय झालं ते तुम्ही बघा. मीही बघतो. तुमच्या ऑफिसात मेन उघडता येणारा माणूस उरलाय का, की सगळे टायपिंगवाले?"

"अप्पा," ताई म्हणाली.

"विचारतोय फक्त."

साहेब हसले आणि त्यांना बरं वाटलेलं दिसलं. सगळे आईच्या खोलीत गेले. आईला अजून सिलिंडरवरच ठेवलं होतं. साहेबांनी झाकण काढलं, बॅटरीने आत बघितलं. दांडा वर केला, खाली केला. टेस्टर लावला. दांडा खाली, टेस्टर विझलेला. दांडा वर, टेस्टर पेटलेला. परत खाली.

"मेन तर चांगलं आहे," ते म्हणाले. आवाजात आनंद नव्हता.

"सरका," अप्पा म्हणाले.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते स्टुलावर चढले. वहिनीने स्टूल धरलं. डोळ्यांत पडदा आलेला, म्हणून ते बोटांनी बघत होते; पात्यांवरून बोट, स्प्रिंगवरून बोट, स्क्रूंवरून.

"हे घासलेलं आहे."

"मी घासलं," धाकटा म्हणाला. "गंज होता."

"हं."

त्यांनी दांडा ओढला. खाली. टेस्टर. वर. टेस्टर. तीनदा केलं. गिऱ्हाईकाला बिल देण्याआधी ते तीनदाच करायचे. मग ते स्टुलावरच उभे राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "दांडा खाली असेल तर यातून वीज बाहेर जाईल?"

"नाही जाणार."

"नाहीच जाणार. मला कशाला सांगताय." त्यांनी झाकण हातात घेतलं आणि ते उलटसुलट करून बघितलं. "आणि वीज तर बाहेर गेली."

"हो."

"म्हणजे दांडा वर होता."

"अप्पा, तुम्ही ओढला होता," वहिनी म्हणाली. "मी खटका..."

"तू अंगणात होतीस, बाळ. अंगणात खटका ऐकू येत नाही." ते शिकवायच्या आवाजात बोलत होते, फळीपुढे उभं राहून बोलायचे तसे. "मला आठवतंय मी उठलो, आलो, हात वर केला. पण मला छत्रीतली वीजही आठवते. मी एवढ्या वेळा सांगितलंय की मला तिचा आवाजसुद्धा आठवतो. माझ्या आठवणीचं काय घेऊन बसलात? तार खोटं बोलत नाही. लिहा साहेब. सासऱ्याने दांडा ओढला नाही. नुसतं तोंडाने पाडलं म्हणाला."

साहेबांचं पेन कागदावर टेकलं होतं, पण हलत नव्हतं. त्यांनी धाकट्याकडे बघितलं. धाकट्याचा हात खिशात होता.

"तुम्हाला काही सांगायचंय?"

ताई भिंतीकडे बघत होती. आई धाकट्याकडे.

"नाही," धाकटा म्हणाला.

साहेबांनी लिहिलं. अप्पांनी सही केली, नेहमीसारखी, खाली दोन रेघा मारून. जाताना साहेब वहिनीला दारात म्हणाले, "पुढच्या महिन्यात बोलावतील तुम्हाला. कागदपत्रं तयार ठेवा. यात आता अडचण यायची नाही."

ऑफिसच्या जीपचा आवाज गल्लीच्या टोकाशी जाईपर्यंत वहिनी दारातच उभी होती. मग आत आली. अप्पा परत आपल्या खुर्चीत बसले होते. हनुवटीवरचा एक कपटा सुटून शर्टावर पडला होता.

"तुम्ही पाडलं म्हणालात," वहिनी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी विचारलं होतं. नेहमीसारखं विचारलं होतं."

"विचारलंस."

"नऊ दिवस मी सगळ्यांशी भांडतेय. कुणी तुमच्याकडे बघितलं तरी मला राग येत होता."

अप्पांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ज्या माणसाला कशावरही गोष्ट सुचायची, त्याला काही सुचलं नाही.

वहिनीने त्यांच्या समोरचा चहाचा कप उचलला. त्यांनी तो अर्धाच प्यायला होता. आत जाताना तिने स्वयंपाकघराचं बटण दाबलं, नऊ दिवसांत पहिल्यांदा, आणि तिथे लख्ख उजेड पडला. थोड्या वेळाने शिवणाच्या मशीनचा आवाज आला. तिने मोटारीवर पट्टा चढवला होता. ताई दारातून ते बघत राहिली. आता वहिनीला झोप लागेल, असं तिला वाटलं. हेच तर हवं होतं. मग ती बाहेर अंगणात गेली आणि जनरेटरवर कापड टाकून, त्याच्याशेजारी जमिनीवर बसून, तोंडावर ओढणी दाबून रडली.

धाकटा निघायच्या बेताने चपला घालत होता.

"गुंडाळ्या," अप्पांनी हाक मारली. कित्येक वर्षांनी. "इकडे ये."

तो येऊन उभा राहिला. चालताना खिशात तांब्याचे तुकडे एकमेकांवर वाजले. त्याने मूठ घट्ट आवळली.

"साहेब यायच्या आधी तू मेन उघडलंस ना?"

"हो."

"नीट बघितलंस? वरची टोकं, खालची टोकं?"

"बघितली."

"तुझी नजर चांगली आहे. माझं काय, मी चाचपडतो." अप्पा त्याच्या तोंडाकडे बघत होते, पडदा आलेल्या डोळ्यांनी, मान थोडी वाकडी करून. "आत काही होतं का रे? मागाहून कुणी काही बसवलेलं? वायरचा एखादा तुकडा, काहीही?"

मशीनची घरघर आतून येत होती. त्यात आईचा आवाज नव्हता.

"काही नव्हतं, अप्पा."

अप्पांनी मान हलवली. हळू, दोनदा. तासन्‌तास शोधून एखाद्या घराचा फॉल्ट सापडला की हलवायचे तशी.